परत जोडलेली नस : कोकणातून दिसणारा नसबंदीचा इतिहास

मागच्या हिवाळ्यात रत्नागिरीत आमच्या नात्यात एक लग्न होतं. जेवणं उरकल्यावर मांडवात पुरुषांची बैठक बसली. कुणीतरी मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. तोच जुना, दर निवडणुकीला नव्यानं फिरणारा. मुसलमानांची संख्या वाढतेय, कारण ते नसबंदी करत नाहीत. गंमत अशी की, बैठकीतल्या एकानं तो दावा खोडून काढायचं सोडून वेगळ्या सुरात मान्यच केला. म्हणाला, “खरंच आहे की. आपल्यात कोण करतो नसबंदी? हराम आहे ती.”

कोपऱ्यात खुर्चीवर चाचा बसले होते. ऐंशी ओलांडलेले. एरवी अशा गप्पांत ते पडत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “मी केली होती. आणि परत जोडूनही घेतली होती.”

बैठक गप्प झाली. मीही गप्प झालो. चाचा माझ्या वडिलांचे सख्खे चुलतभाऊ, त्यांच्या अंगणात मी वाढलो आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन बसलो. ते बोलले, चाचीही बोलल्या. लिहू का, असं विचारलं तर चाचा म्हणाले, “नाव घालू नकोस. बाकी सगळं लिही.”

म्हणून हा लेख. यात चाचांची हकीकत थोडी आहे आणि इतिहास जास्त. आणीबाणीतल्या नसबंदीवर मराठीत बरंच लिहिलं गेलंय. पण कापलेली नस परत जोडण्याचा जो इतिहास आहे, ज्यात मुंबईच्या मराठी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, त्यावर क्वचितच कुणी लिहितं.

आधी आपल्या जिल्ह्याविषयी

संततिनियमनाचा विषय निघाला की, आपण तो दिल्लीतून आला असं धरून चालतो. तसं पाहिलं तर या विचाराची महाराष्ट्रातली मुळं रत्नागिरी जिल्ह्यातच सापडतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२चा, दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. त्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागं नव्हती. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, हेही याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १९३८च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. आमदार पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सरकारनं लोकांना संततिनियमनाची साधनं आणि माहिती पुरवावी, अशी त्यात मागणी होती. ठराव मोठ्या फरकानं फेटाळला गेला.

तिसरं नाव हमीद दलवाई यांचं. चिपळूणजवळचं मिरजोळी हे त्यांचं गाव. १९७०मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांच्याशी माझे अनेक मतभेद आहेत. ते इथं काढत नाही. पण कुटुंब छोटं असावं, हे मुसलमानांना मराठीतून उघडपणे सांगणारा माणूस आपल्याच मातीतला होता, हे नाकारून कसं चालेल?

या तिघांचे रस्ते वेगळे होते. पण एक गोष्ट तिघांत समान होती. तिघंही माणसाला पटवू पाहत होते. पकडून नेण्याची भाषा यांच्यापैकी कुणाचीच नव्हती.

स्टेशनावरची शस्त्रक्रिया

पुरुष नसबंदीचा स्वतःचा जन्म मात्र काही निर्मळ नव्हता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हॅरी शार्प नावाच्या डॉक्टरानं १८९९पासून तुरुंगातल्या कैद्यांवर ही शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. ‘निकृष्ट’ माणसांनी मुलं जन्माला घालू नयेत, हा त्यामागचा विचार. १९०७मध्ये त्याच राज्यानं सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. म्हणजे सुरुवातीपासूनच या शस्त्रक्रियेचे दोन चेहरे आहेत. एकीकडे नवऱ्यानं स्वतःहून उचललेली जबाबदारी, तर दुसरीकडे सरकारनं ठरवलेली शिक्षा.

शस्त्रक्रिया तशी किरकोळ. शुक्राणू वृषणात तयार होतात आणि शुक्रवाहिनी नावाच्या नळीतून पुढं जातात. दोन्ही बाजूंना एकेक नळी. चामडीला छोटा छेद देऊन ती बाहेर काढायची, कापायची, टोकं बांधायची आणि परत आत सोडायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम. भूलही तेवढ्याच भागापुरती. पुरुषत्वावर, ताकदीवर, इच्छेवर याचा परिणाम होत नाही, कारण रक्तात जाणारी संप्रेरकं या नळीतून जातच नाहीत. ही गोष्ट आजही आपल्याकडे दहांतल्या नऊ जणांना सांगावी लागते.

साठच्या दशकात मुंबई महापालिकेच्या कुटुंबनियोजन विभागाची सूत्रं डॉ. डी. एन. पै यांच्याकडे होती. गर्दीच्या रेल्वे स्थानकांवरच नसबंदीची केंद्रं उघडण्याची कल्पना त्यांची. लोकल पकडायला आलेला कामगार तिथंच शस्त्रक्रिया करून घरी जायचा. केरळात एर्नाकुलमला १९७१च्या जुलैत एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. जगभरातून लोक ते बघायला आले. सरकारला वाटलं, किल्ली सापडली.

१९७६

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. २५ जून १९७५ला आणीबाणी आली. १६ एप्रिल १९७६ला आरोग्यमंत्री करण सिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. राज्यांना हवा तर सक्तीचा कायदा करावा, अशी मोकळीक त्यात होती. ती मोकळीक घेऊन कायदा मंजूर करण्यापर्यंत गेलेलं राज्य होतं महाराष्ट्र. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. तीन मुलं असलेल्या जोडप्याला निर्बीजीकरण बंधनकारक करणारं, न केल्यास तुरुंगवासाची तरतूद असलेलं विधेयक १९७६मध्ये आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही, एवढंच.

विधेयकाच्या आधीच इथं काय चाललं होतं, ते सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं बघितलं होतं. १९७६च्या जानेवारीत तिथल्या मोहिमेत रस्त्यावरून, बाजारातून माणसं उचलून नेल्याच्या तक्रारी झाल्या. दिल्लीचं तुर्कमान गेट, उत्तर प्रदेशातलं मुझफ्फरनगर, हरियाणातलं उटावर ही नावं मुसलमानांच्या आठवणीत पक्की बसली आहेत. बार्शी मात्र विसरली गेली. ही सक्ती फक्त मुसलमानांवर झाली असा आपल्यातल्या काहींचा समज आहे. तो खरा नाही. दलित, भूमिहीन, फुटपाथवरचे, कनिष्ठ नोकरदार, ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं ते सगळेच यात भरडले गेले.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक निर्बीजीकरणं झाली. त्यातली सुमारे ६२ लाख पुरुषांची होती. पुढं शाह आयोगानं नोंदवलं की, या मोहिमेशी संबंधित १,७७४ मृत्यू झाले आणि अविवाहितांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी आल्या.

चाचा यातल्या ६२ लाखांपैकी एक. निमसरकारी नोकरी, वय बत्तीस, दोन मुलगे आणि एक मुलगी. कार्यालयाचं नाव इथं देत नाही. त्यांना कुणी फरफटत नेलं नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं की, प्रमाणपत्र आणल्याशिवाय पगारवाढ लागणार नाही. दोन महिने चाचांनी काढले. तिसऱ्या महिन्यात गेले. तीन मुलं असलेल्याला तेव्हा शंभर रुपये मिळत. ते त्यांना मिळाले. “त्या पैशाचं काय केलंत?” मी विचारलं. म्हणाले, “मुलांना चपला घेतल्या.”

१९७७च्या मार्चमध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं. राजापूरमधून मधु दंडवते निवडून आले. कोकणानं काँग्रेसला नाकारलं. आणि १९७७-७८मध्ये पुरुष नसबंदीचा आकडा ६२ लाखांवरून दोन लाखांच्याही खाली आला. तो पुन्हा कधी त्या पातळीवर गेलाच नाही.

मुंबईचे फडके

इथून आपण मूळ विषयाकडे येऊ. नस कापली, आता ती जोडता येते का?

या प्रश्नाचं उत्तर शोधणारे डॉक्टर आणीबाणीच्या कितीतरी आधी मुंबईत कामाला लागले होते. कारण सरळ होतं. ज्या देशात नसबंदी सर्वांत जास्त, तिथंच ती उलटवून मागणारेही जास्त येणार. १९७१च्या सुमारास आपल्याकडे जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत. मोठी झालेली मुलंही देवी, कॉलरा, साप, विहीर यातून वाचतीलच असं नव्हतं. दोन मुलांवर थांबलेल्या बापाची दोन्ही मुलं गेली तर त्यानं काय करायचं? अमेरिकेत नस जोडून मागणारा पुरुष बहुधा घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा मूल गमावलेला बाप असायचा.

मुंबईच्या डॉ. जी. एम. फडके आणि डॉ. ए. जी. फडके यांनी अशा पुरुषांच्या नसा परत जोडल्या आणि १९६७मध्ये अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त आपला अनुभव छापला. ७६ रुग्ण. त्यातल्या ८३ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परत दिसू लागले आणि ५५ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. त्या काळात हे आकडे फार मोठे होते. आजही नस जोडण्याच्या इतिहासावरच्या लिखाणात या निबंधाचा उल्लेख असतो. आणि हे सगळं सूक्ष्मदर्शक न लावता केलेलं होतं.

आणखी एक मराठी नाव यात आहे. डॉ. ए. एम. फडके यांनी के. पडुकोण यांच्यासोबत १९६४मध्ये शुक्रवाहिनी बंद झालेल्या पुरुषांचं रक्त तपासलं. त्यात त्यांना शुक्राणूंना एकमेकांना चिकटवणारी प्रतिद्रव्यं आढळली. याचा अर्थ असा की, नळी बंद झाल्यावरही वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात. त्यांना बाहेर जायला वाट नसते. शरीर त्यांना आत जिरवतं, आणि जिरवता जिरवता त्यांना परकं समजू लागतं. म्हणून नळी नीट जोडली गेली, शुक्राणू बाहेर आले, तरी मूल होईलच असं नाही. चाचांची हकीकत समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

केसाहून बारीक दोरा

नळी जोडणं अवघड का, हे आकडे बघितले की कळतं. शुक्रवाहिनी बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाड असते. बोटांना ती ताठ दोरीसारखी लागते. पण जिच्यातून शुक्राणू जातात, ती आतली पोकळी जेमतेम मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. नुसत्या डोळ्यानं टाके घालताना बाहेरची भिंत जुळायची, आतली पोकळी जुळलीच असेल याची खात्री नसायची. त्यामुळं जुने डॉक्टर पोकळीतून बारीक तार किंवा नायलॉनचा दोरा ओवून ठेवायचे आणि त्यावर टाके घालायचे. काही दिवसांनी तो दोरा ओढून काढायचा. कधी आतली वाट मोकळी राहायची, कधी व्रण भरून बंद व्हायची.

१९६०मध्ये अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरून अगदी बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. तेच तंत्र शुक्रवाहिनीला लावणारे दोन सर्जन जगाच्या दोन टोकांना होते. ऑस्ट्रेलियात सिडनीचे अर्ल ओवेन आणि अमेरिकेत शर्मन सिल्बर. त्यांचं काम छापून आलं १९७६-७७च्या सुमारास. योगायोग बघा. ज्या वर्षी भारतात ६२ लाख नसा कापल्या गेल्या, त्याच वर्षी ती नस नेमकी कशी जोडायची याची रीत जगापुढं आली.

रीत अशी. जुन्या गाठीच्या वर आणि खाली नळी ताज्या कापाची होईपर्यंत छाटायची. सूक्ष्मदर्शकाखाली ती दहा ते पंचवीस पट मोठी दिसते. आधी आतलं अस्तर अस्तराला जोडायचं, मग बाहेरचा स्नायूचा थर थराला. आतल्या टाक्यांचा नायलॉनचा दोरा डोक्याच्या केसाच्याही निम्म्याहून बारीक. हातात धरला तर दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. काम दोन-तीन तासांचं. कापायला वीस मिनिटं, जोडायला तीन तास.

सिल्बर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नळी वर्षानुवर्षं बंद राहिली की, मागं दाब साठतो. वृषणाला लागून अधिवृषण नावाचा अवयव आहे. सुमारे सहा मीटर लांबीची, अतिशय नाजूक नळी त्यात गुंडाळून बसलेली असते. दाबानं ती कुठंतरी फुटते आणि तिथं दुसरा अडथळा तयार होतो. अशावेळी खालची नस कितीही सुबक जोडली तरी उपयोग नाही. म्हणून जाणकार सर्जन शस्त्रक्रिया चालू असतानाच वृषणाकडच्या टोकातून येणारा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासतो. त्यात शुक्राणू दिसले किंवा पाणी स्वच्छ असलं तर नस नसेला जोडायची. दाट, मळकट आणि शुक्राणू नसलेलं द्रव आलं तर अडथळा ओलांडून नस थेट अधिवृषणाच्या नळीला जोडायची. ही दुसरी जोडणी सूक्ष्मशस्त्रक्रियेतल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक मानली जाते.

१९९१मध्ये अमेरिकेतल्या काही सर्जनांनी मिळून १,४६९ पुरुषांचे निकाल एकत्र छापले. नसबंदीला तीन वर्षं व्हायच्या आत जोडणी झालेल्यांपैकी ९७ टक्के पुरुषांत शुक्राणू परत आले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. तीन ते आठ वर्षं झालेल्यांत हेच आकडे ८८ आणि ५३ होते. पंधरा वर्षं उलटलेल्यांत ७१ आणि ३०. वर्षं जातात तशी वाट मिटत जाते, पण पूर्ण मिटत नाही.

हराम, हलाल आणि ‘कायमचं’

आता मांडवातल्या त्या वाक्याकडे वळू. “हराम आहे ती.”

संततिनियमन आणि इस्लाम या विषयावर आपल्याकडे जेवढ्या ठामपणे बोललं जातं, तेवढं वाचलं जात नाही. अझल, म्हणजे वीर्य बाहेर सोडून गर्भ टाळणं, प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळात सहाबा करत होते आणि त्याला मनाई झाली नाही, असं सांगणारी हदीस प्रसिद्ध आहे. त्यावरूनच बहुतेक फकिहांनी अझल जायज ठरवला. इमाम गझालींनी बायकोची तब्येत आणि जास्त मुलांमुळं येणारी ओढाताण ही कारणंही मान्य केली. इब्न सीना हकीम होता. त्याच्या ‘अल-कानून’मध्ये गर्भ टाळण्याचे उपाय दिलेले आहेत. १९५९मध्ये अल-अझहरचे शेख महमूद शलतूत यांनी कुटुंबनियोजनाला अनुकूल फतवा दिला.

नसबंदीपाशी मात्र उलेमा थांबतात. त्यांचा आक्षेप गर्भ टाळण्याला नाही, ‘कायमचं’ या शब्दाला आहे. खच्चीकरणाला हदीसमध्ये मनाई आहे. अल्लाहनं दिलेली क्षमता कायमची नष्ट करणं त्यांना त्याच्या जवळचं वाटतं. १९८८मध्ये कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं हीच भूमिका घेतली. तात्पुरतं नियंत्रण नवरा-बायकोच्या संमतीनं चालेल, गरज नसताना कायमची क्षमता काढून टाकणं चालणार नाही.

इथं सूक्ष्मदर्शक फिकहच्या दारात येऊन उभा राहतो. ९७ टक्के पुरुषांत जी गोष्ट उलटते, ती ‘कायमची’ म्हणायची का? काही मुस्लिम देशांत याच मुद्द्यावर मतं बदलली. इराणमध्ये १९८९नंतर सरकारनं पुरुष नसबंदीला मोकळेपणानं जागा दिली, दवाखाने उघडले. पुढं लोकसंख्या घटू लागल्याची धास्ती वाटली तेव्हा त्याच सरकारनं २०१२नंतर ती जागा काढूनही घेतली. तिथला धर्म बदलला नव्हता, सरकारची गरज बदलली होती. मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण ‘हराम’ म्हणून विषय संपवण्याआधी एवढा इतिहास तरी आपल्याला माहीत असावा.

चाचांचं पुढं काय झालं?

१९८१च्या पावसाळ्यात चाचांचा धाकटा मुलगा खाडीत बुडाला. नऊ वर्षांचा होता. यापलीकडे चाचा त्या दिवसाविषयी बोलले नाहीत.

वर्षभरानं ते मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे गेले. नसबंदी केली हा माझा गुन्हा होता, त्याची ही सजा मिळाली का, असं त्यांनी विचारलं. मौलवीसाहेब कोकणातलेच, वयस्कर. म्हणाले, मुलाची आजल लिहिलेली होती, ती तुमच्या ऑपरेशनवर टाकू नका. दबावाखाली झालेल्या गोष्टीचा हिशेब अल्लाह जाणतो. आणि जोडून घ्यायची असेल तर मोडलेलं दुरुस्त करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

चाचा मुंबईला गेले. डोंगरीत नातेवाइकांकडे उतरले. एका सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. सूक्ष्मदर्शक होता की नाही, त्यांना सांगता येत नाही. झोपून होतो, म्हणतात. सहा वर्षं उलटली होती. चार महिन्यांनी तपासणीत शुक्राणू दिसले. डॉक्टर खूश झाले. चाचांनी रत्नागिरीत येऊन मिठाई वाटली. कशाची, ते कुणाला सांगितलं नाही.

मूल झालं नाही. चाची तेव्हा चौतिशीच्या होत्या. दोन वर्षं वाट पाहिली, मग सोडून दिलं. डॉक्टरांनी त्यांना कारण सांगितलं नाही, आणि इतक्या वर्षांनी ते सांगता येणारही नाही. वरचे आकडे पुन्हा बघा. ८८ आणि ५३. शुक्राणू परत येणं आणि मूल होणं यात अंतर आहे, आणि ते प्रत्येक घराला स्वतः चालावं लागतं.

मी चाचींना विचारलं, तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा? त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, “तोडली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. जोडायला गेले तेव्हाही विचारलं नाही. मला चौथं मूल हवं होतं की नको, हे आज पहिल्यांदा तू विचारतोयस.”

“हवं होतं?”

“नको होतं. मला तोच हवा होता.”

चाचा समोरच बसले होते. खाली बघत राहिले.

मी घरी येऊन पुस्तकं काढून बसलो. फिकहमध्ये अझलबाबत एक अट आहे. हनफी मताप्रमाणेही आणि इतर अनेकांच्या मताप्रमाणेही नवऱ्यानं अझल करायचा तर बायकोची संमती हवी, कारण मुलावर आणि सुखावर तिचाही हक्क आहे. हजार वर्षांपूर्वीच्या फकिहांनी जे विचारलं, ते १९७६च्या सरकारनं विचारलं नाही. साहेबांनी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर आपणही विचारलं नाही.

आजचे आकडे

आणीबाणीनं पुरुषांच्या मनात जी भीती बसवली, तिची किंमत गेली पन्नास वर्षं बायका मोजताहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीनुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, तर पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी ०.३ टक्के आहेत. पोटात शिरून करायची शस्त्रक्रिया सगळ्या स्त्रियांच्या वाट्याला आणि किरकोळ शस्त्रक्रिया कुणाच्याच नाही. स्त्रियांच्या शिबिरांत इतके मृत्यू आणि इतकी हेळसांड झाली की, १४ सप्टेंबर २०१६ला देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सांगावं लागलं. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मुलं गमावलेल्या, नसबंदी झालेल्या आयांसाठी सरकारनं नळ्या परत जोडण्याची मोफत सोय केली. तिथंही टेबलावर गेल्या त्या बायकाच.

आणि त्या व्हॉट्सअॅप मेसेजचं काय? १९९२-९३मध्ये मुस्लिम स्त्रीमागं सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१मध्ये ती २.३६वर आली. हिंदूंमध्ये याच काळात ३.३वरून १.९४. अंतर जवळपास मिटत आलंय, आणि ते मिटवायला कुणाला ट्रकमध्ये घालून न्यावं लागलं नाही. मुली शाळेत गेल्या, बाळं जगू लागली, एवढं पुरलं. आपल्या रत्नागिरीची तर गोष्टच वेगळी. २००१ ते २०११ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, उलट सोळा लाख शहाण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. हजार पुरुषांमागं ११२२ स्त्रिया, कारण पुरुष मुंबईत आणि आखातात. लोकसंख्यावाढीचा मेसेज जिथं वाचला गेला, त्या मांडवाच्या आजूबाजूची अर्धी घरं कुलूपबंद होती.

हे वाचणाऱ्या तरुणांसाठी शेवटी दोन गोष्टी. पहिली, नस जोडता येते हे खरं असलं तरी नसबंदी करताना ती कायमचीच समजून करा. जोडणी महाग आहे, ती नीट करणारे हात मोजके आहेत आणि मुलाची हमी कुणीच देत नाही. ज्यांना जोडून घ्यायची आहे, त्यांनी वर्षं घालवू नयेत. डॉक्टर सूक्ष्मदर्शक वापरतात का, अधिवृषणाला जोडण्याची वेळ आली तर ते करू शकतात का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. पत्नीचं वयही त्या हिशेबात धरावं. नवरा-बायकोचं स्वतःचं बीज वापरून केलेल्या टेस्ट ट्यूबच्या उपचाराला बहुसंख्य उलेमांनी मान्यता दिलेली आहे, तोही पर्याय आहे.

दुसरी गोष्ट चाचींनी सांगितलेली आहे. करायची असेल, नसेल, जोडायची असेल, सोडून द्यायची असेल, आधी घरात विचारा.

मी निघताना चाचा अंगणापर्यंत आले. म्हणाले, “चाचीचं ते वाक्य पण लिही.” लिहिलंय.